घड्याळावरचा हात

दोन दारं आहेत. एकावर 'वधूपक्ष' रंगवलंय, दुसऱ्यावर 'वरपक्ष'. वधूपक्षाच्या खोलीत मोबाइल जमा होतात. टोकन घ्यायचं, जपून ठेवायचं. वरपक्षाच्या दारातून खेळाडू आत शिरतात. दाराशी बसलेला पोरगा प्रत्येकाचे खिसे वरूनच चाचपतो आणि मान हलवतो. आत खेळाडूजवळ फोन सापडला तर डाव गेला. तो वाजायलाच हवा असं नाही.

सांगलीतलं मंगल कार्यालय. मे महिना. लग्नाच्या दोन तिथींच्या मधे सापडलेले मोकळे दिवस बुद्धिबळवाल्यांनी धरलेत. व्यासपीठावर कुणाच्या तरी लग्नातली झेंडूची तोरणं सुकून लटकतायत. त्यांच्याखाली पहिल्या पाच पटांची टेबलं. बाकी सगळे खाली, लांबच लांब रांगांत. पांढरी कापडं, त्यावर गुंडाळी होणारे हिरव्या चौकटींचे पट, प्रत्येक पटाशेजारी एक घड्याळ. घड्याळं एकसारखी नाहीत, कारण ती आपापली आणायची असतात. काळं, करडं, निळं, एक चक्क गुलाबी.

पंखे जोरात फिरतायत. आवाज खालपर्यंत येतो, वारा वरच राहतो. दोन कोपऱ्यांत दोन कूलर आहेत आणि त्यांच्यासमोरच्या टेबलांवर आलेले खेळाडू आज नशीबवान. बाहेर पारा चाळिशीला टेकलाय. शर्टांच्या पाठी ओल्या. तरी कुणी बोलत नाही. पेन सरकल्याचा आवाज, खोकला, खुर्ची ओढल्याचा कर्रकन आवाज, आणि मधूनच कुठून तरी 'खट्'. कुणीतरी घड्याळ दाबलं.

डाव सुरू होऊन तीन तास होऊन गेलेत. निम्मी टेबलं रिकामी झाली आहेत. सोंगट्या पुन्हा आपापल्या घरी उभ्या केलेल्या, पुढच्या राउंडसाठी. राहिलेल्या पटांपैकी कुठे वेळेची मारामारी चाललीय ते शोधायला पटाकडे बघावं लागत नाही. बघ्यांच्या पाठी बघायच्या. जिथे पाठी दाटल्यात आणि पुढे वाकल्यात, तिथे कुणाच्या तरी घड्याळात शेवटची मिनिटं उरलीत.

अशी सगळ्यात मोठी दाटी आत्ता तेविसाव्या पटाभोवती आहे.

एका बाजूला साठीचे एक काका. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, चष्मा कपाळावर चढवलेला. दुसऱ्या बाजूला पाचवी-सहावीतली मुलगी. तिच्या बुडाखाली एकावर एक अशा दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, तरी पाय जमिनीला टेकत नाहीत. ते हलतायत. काका तिच्याकडे बघत नाहीत. ती काकांकडे बघत नाही. दोघंही आळीपाळीनं पटाकडे आणि घड्याळाकडे बघतात. तिच्या बाजूला अठ्ठावीस मिनिटं. काकांच्या बाजूला एक मिनिट चाळीस सेकंद, एकोणचाळीस, अडतीस.

काका घोडा उचलतात. ठेवतात. खट्. आकडा उडी मारून दोन मिनिटांवर जातो आणि थांबतो. ही उडी म्हणजे वाढीव तीस सेकंद. प्रत्येकाला सुरुवातीला ९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीमागे ३० सेकंद, असा इथला हिशेब. पहिल्या खेळीचे तीस आधीच धरलेले असतात, म्हणून सकाळी सगळी घड्याळं १:३०:३० वरून सुटली. साठ खेळ्या झाल्या तर माणशी दोन तास होतात, दोघांचे मिळून चार. काकांनी पहिल्या पंधरा खेळ्यांतच तासभर खर्च केलाय असं मागे उभा असलेला एक जण हलक्या आवाजात दुसऱ्याला सांगतो. पंचांची नजर वळते. तो गप्प होतो.

पंच म्हणजे निळ्या टी-शर्टातला तिशीचा तरुण. इथे त्याला सगळे 'सर' म्हणतात, काकासुद्धा. तो टेबलाच्या टोकाला हात मागे बांधून उभा आहे.

काकांनी पुढची खेळी केली, त्याच्या पुढचीही केली. स्कोअरशीटवर मात्र दोन ओळी कोऱ्या. पंच वाकतो. काही बोलत नाही. फक्त बोट कागदावर टेकवतो. काका दचकतात, मान हलवतात, पेन शोधतात. पेन खिशात. टोपण निघत नाही. दुसरं पेन. त्यांचंच घड्याळ चालू आहे. थरथरत्या अक्षरात घोडा एफ-पाच, हत्ती डी-एक. बत्तीस सेकंद गेले.

हे बघवत नाही. पण नियम तसाच आहे. वेळ पाच मिनिटांच्या आत आली की खेळ्या लिहिण्यातून सुटका मिळते, ती फक्त वाढीव सेकंद तीसपेक्षा कमी असतील तर. इथे दर खेळीला पुरे तीस मिळतायत. तेव्हा शेवटच्या खेळीपर्यंत लिहायचं. समोरच्यानं खेळी केल्यावर आधी उत्तर देऊन मग लिहिलेलं चालतं. दोन खेळ्यांची उधारी चालत नाही. आणि आधी लिहून मग खेळणं तर मुळीच नाही, बरोबरीचा दावा करायचा असेल तेवढाच अपवाद. मुलीचा कागद बघावा. अक्षर कोरीव, प्रत्येक खेळीपुढे उरलेली मिनिटंही लिहिलेली. कोचनं लावलेली सवय असणार.

मी काकांचा उजवा हात बघत उभा आहे. घाईचे नियम पटावरच्या सोंगट्यांसाठी असतात असं बाहेरून वाटतं. जवळ उभं राहिलं की कळतं, ते जवळजवळ सगळे हातासाठी आहेत. ज्या हातानं खेळी केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. उजव्यानं उंट हलवून डाव्यानं खट् करता येत नाही. घड्याळावर बोट ठेवून बसायचं नाही. घड्याळाच्या वर हात तरंगत ठेवायचा नाही. आपटायचं नाही, उचलायचं नाही, पाडायचं नाही. खेळी करण्याआधी दाबायचं नाही. आणि ज्या सोंगटीला हात लागला तीच खेळायची, मग घड्याळात दोन सेकंद उरलेले असोत की दोन तास.

काकांचा हात हवेत आहे. हत्तीकडे जातो, थांबतो, मागे येतो, मांडीवर बसतो. पुन्हा निघतो. अकरा, दहा, नऊ. आता तो राजाच्या डोक्यावर. बोटं मिटतात, पण स्पर्श होत नाही. सहा. हत्ती. खट्. छत्तीस.

हत्ती ठेवताना बाजूचं प्यादं आडवं झालंय. घरंगळत ते दोन घरांच्या मधल्या रेघेवर थांबतं. मुलगी प्याद्याकडे बघते, घड्याळाकडे बघते आणि घड्याळ थांबवून हात वर करते. मागून कुणीतरी श्वास आत ओढतो. पंच पुढे सरतो आणि काकांची बाजू चालू करतो, कारण मुलगी बरोबर आहे. ज्यानं पाडलं त्यानं उचलायचं, आणि ते स्वतःच्या वेळात. काका 'सॉरी, सॉरी' पुटपुटत प्यादं उभं करतात. पुन्हा खट्.

मी पाठींच्या गर्दीतून बाहेर पडतो.

दोन रांगा पलीकडे दुसराच प्रकार चाललाय. इथे गर्दी नाही. कॉलेजातला एक पोरगा डोकं हातात धरून पटात बुडालाय. समोरचा जाडसर माणूस खुर्चीत टेकून, हाताची घडी घालून, पटाकडे स्थिर बघतोय. पोरानं खेळी केलेली आहे. घड्याळ दाबायचं राहिलंय. त्याचीच मिनिटं चाललीत. चार पंधरा, चार चौदा. त्याला वाटतंय समोरचा विचार करतोय. समोरचा विचार करतोयही, अगदी फुकटात.

एक पंच तिथून जातो. थबकतो, घड्याळ बघतो, पट बघतो, चेहरा कोरा ठेवून पुढे निघतो. त्याला सांगायची मुभा नाही. खेळी झालीय किंवा घड्याळ दाबायचं राहिलंय असं पंचानं खेळाडूला सुचवायचं नसतं. बघ्यानं तर नाहीच. शेजारच्या पटावरच्या खेळाडूला एखादी गडबड दिसली तर तोही फक्त पंचाच्या कानात सांगू शकतो. तीन मिनिटं जातात. पोरगा मान वर करतो, घड्याळ दिसतं, तो इतक्या जोरात दाबतो की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघतात. पंच लांबूनच तळहात खाली करून खुणावतो. हळू.

व्हरांड्यात पालक आहेत. सतरंज्या, टिफिन, पाण्याचे जार, कागदाच्या पुड्यांत भडंग. एक आई भिंतीला टेकून स्वेटर विणतेय, मे महिन्यात. कोपऱ्यात चहाची किटली. प्रत्येक वेळी दार उघडलं की सगळ्या माना वळतात. बाहेर येणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा इथे सराव आहे. "काय झालं?" असं कुणी विचारत नाही. विचारतात ते, "किती वेळ उरला होता?"

"चौदा मिनिटं."

"चौदा मिनिटं शिल्लक ठेवून हरलास? त्याचं काय आता लोणचं घालायचं?"

बॅनरवर नागपूरच्या मुलीचा फोटो आहे. २०२५ मध्ये बाटुमीला तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून असे फोटो गावोगाव लागलेत. अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते आणि निकाल जलद डावांत लागला होता, हे इथल्या प्रत्येक पालकाला पाठ आहे. म्हणून खालच्या भोजनगृहात चाललेल्या मुलांच्या जलद स्पर्धेला इतकी गर्दी आहे, असं चहावाला सांगतो. त्याचाही मुलगा खाली खेळतोय.

बाकावर एक निवृत्त पंच बसलेत. आता काम करत नाहीत, नुसते येतात. पिशवीतून त्यांनी एक जुनं घड्याळ काढून मुलांना दाखवायला ठेवलंय. लाकडी पेटी, दोन पांढऱ्या तबकड्या, वर दोन बटणं. किल्ली दिली की टिकटिक. बाराच्या आकड्याजवळ एक बारीक लाल पट्टी लोंबते. मिनिटकाटा बाराकडे चढू लागला की ती पट्टी उचलत नेतो, आडवी करतो आणि नेमक्या क्षणी सोडून देतो. टप्. फ्लॅग पडला. हातात घेऊन पोरं पुन्हा पुन्हा काटा पुढे करतात आणि पट्टी पडताना बघतात. डिजिटल घड्याळात काही पडत नाही, तरी ही पोरंही 'फ्लॅग पडला' असंच म्हणतात.

निवृत्त सर रंगात येतात. पूर्वी वाळूची घड्याळं होती म्हणतात, १८६१ च्या एका सामन्यात वापरलेली. मग १८८३ मध्ये लंडनच्या स्पर्धेत मँचेस्टरच्या एका माणसानं बनवलेलं जोडघड्याळ आलं. डोलत्या दांडीवर दोन लंबकांची घड्याळं, एक बाजू खाली गेली की दुसरी चालू. १९६९ मध्ये स्वीडनमधल्या एका स्पर्धेत एक म्हातारा जर्मन ग्रँडमास्टर तेरा डाव खेळला आणि तेरांतही वेळ संपून हरला, हे सांगताना सर स्वतःच हसतात. "पट चांगला असायचा हो त्याचा!" मग एका अमेरिकन माजी जगज्जेत्यानं दर खेळीला थोडा वेळ परत देणारं घड्याळ सुचवलं. १९८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं, आणि १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात तो स्वतःच त्या पद्धतीच्या घड्याळावर सामना खेळला.

"त्यामुळे आमची निम्मी भांडणं मिटली," सर म्हणतात. थोडे हिरमुसलेले वाटतात. मी त्यांच्या बाजूनं आहे, आणि नाहीही. आता जिंकलेला डाव केवळ हात चालेना म्हणून हातचा जात नाही, हे चांगलंच झालं. पण चाळिसाव्या खेळीच्या आत दोन्ही काटे बाराला भिडलेले, कागद कोरे, सोंगट्या उडतायत आणि दोन्ही फ्लॅग पडल्यावर आधी कुणाचा पडला हे कुणालाच सांगता येत नाही, तो गोंधळ आता खेळणाऱ्यांना बघायला मिळायचा नाही. तसं झालं आणि पुढचा टप्पा बाकी असला तर डाव चालू ठेवायचा. शेवटचाच टप्पा असला तर बरोबरी. सर हे बोटं मोडत सांगतात. पोरांचं लक्ष लाल पट्टीत.

जिन्यावरूनच भोजनगृहाचा आवाज येतो. खट् खट् खट् खट्. वर डाव संपत नव्हते, इथे एकदम सगळे संपायला आलेत.

पंगतीची स्टीलची टेबलं. तळाशी हळदीचे जुने डाग. पंधरा वर्षांखालची दीडशेक मुलं. माणशी पंचवीस मिनिटं, वाढीव सेकंद नाहीत. साठ खेळ्यांच्या हिशेबानं वेळ १० मिनिटांपेक्षा जास्त आणि ६० मिनिटांपेक्षा कमी भरला की तो डाव जलद, म्हणजे रॅपिड. दहा किंवा त्याहून कमी तर ब्लिट्झ. इथे खेळ्या लिहायची सक्ती नाही. त्यामुळे हात मोकळे आहेत, आणि म्हणूनच सुसाट सुटलेत. इतक्या टेबलांना पाच पंच. ते उभे नाहीत, पळतायत. खिडक्यांच्या गजांना पालक लोंबलेत.

"सर! इल्लीगल!"

तिसऱ्या टेबलावर एक हात वर. दुसऱ्या हातानं पोरानं घड्याळ थांबवलंय. समोरच्याचं प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं, त्यानं घड्याळ दाबलं आणि प्यादं प्यादंच राहिलं. वजीर घ्यायचा राहून गेला. पंच येतात. नऊ वर्षांचा गुन्हेगार डोळे मोठे करून बघतोय.

"बाळा, आधी वजीर ठेवायचा, मग घड्याळ."

"वजीर नव्हता सर. त्याच्याकडे आहे."

खरंच. मारलेला वजीर समोरच्या पोराच्या मुठीत आहे. बराच वेळ तो त्याच्याशी खेळत होता. हवी ती सोंगटी मिळत नसेल तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं, तो हक्क असतो, पण नऊ वर्षांच्या हाताला ते सुचत नाही. मुठीतला वजीर काढून पंच त्या प्याद्याच्या जागी ठेवतात. वजीरच ठेवावा लागतो, दुसरं काही मागता येत नाही. मग घड्याळाची बटणं दाबून दाबून समोरच्याला दोन मिनिटं वाढवून देतात. अशी दुसरी चूक झाली की डाव गेला. पोरगा बोटांवर काहीतरी मोजतो.

पलीकडच्या टेबलावर वजीर सापडेना म्हणून एकीनं हत्ती उलटा ठेवलाय आणि ठासून 'वजीर' म्हणून सांगतेय. घरी, गल्लीत, शाळेत सगळीकडे उलटा हत्ती म्हणजे वजीर. इथे उलटा हत्ती म्हणजे हत्ती. पंच तो सुलटा करतात. तिचा खालचा ओठ बाहेर येतो. तो हत्ती तिरका पळत नाही हे पचायला तिला दोन खेळ्या लागतात.

अजून एक हात वर. यानं प्यादं एका हातानं उचललं आणि वजीर दुसऱ्या हातानं ठेवला, मग घड्याळ दाबलं. दोन हात. त्यालाही तीच शिक्षा. खिडकीतून त्याचे वडील ओरडतात, "अहो, वाचलेत दोन सेकंद फक्त!" पंच वर बघत नाहीत. तेच तर.

घड्याळं रिकामी होतायत. एका पटावर पांढऱ्याकडे वजीर आणि हत्ती, काळ्याचा राजा एकटा. पांढऱ्याच्या घड्याळात चार सेकंद. तो वजिरानं शह देतो, राजा सरकतो, शह, राजा, शह. मात दोन खेळ्यांवर आहे आणि ती त्याला दिसत नाही. शून्य. "टाइम!" काळा उडी मारतो, दोन्ही मुठी वर. पंच येतात, पट बघतात, मान हलवतात. बरोबरी. वेळ संपली खरी, पण एकट्या राजानं कुणाला मात देता येते? कितीही खेळ्या केल्या तरी देता येत नसेल तर घड्याळ संपूनही डाव अर्धा-अर्धाच. दोघंही रडायला लागतात. असं एकाच निकालावर दोन्ही बाजूंनी रडं इथेच बघावं.

त्याला लागूनच उलट दृश्य. वजीर मात देणाऱ्या घरात बसलाय, घड्याळ दाबायला हात निघालाय आणि आकडा शून्यावर आलाय. "मात!" "टाइम!" एकाच वेळी. पंचांना एवढंच विचारायचं असतं, की आधी काय झालं. मात देणारी खेळी पटावर पुरी झाली की डाव तिथेच संपतो. पुढे घड्याळ दाबायचं उरतच नाही. शेजारी उभी असलेली चिमुरडी म्हणते, मी बघितलं. तिला गप्प बसवतात. पंचांनी स्वतः बघितलंय. मात.

भिंतीवर नियमांचा कागद डकवलाय. त्यात एक ओळ अधोरेखित आहे. वेळ दोन मिनिटांच्या आत असेल आणि समोरचा सरळ मार्गानं जिंकायचा प्रयत्न न करता नुसती वेळ संपायची वाट बघत असेल, तर पंचांकडे बरोबरी मागता येते. वाढीव सेकंद नसलेल्या डावांनाच हे लागू, आणि स्पर्धेआधी जाहीर केलं असेल तरच. म्हणून कागद. कुणी तो वाचलेला दिसत नाही. कडेला पोरांनी टिक-टॅक-टो खेळलंय.

मी परत वर येतो.

तेविसाव्या पटाभोवतीची दाटी वाढलीय. पटावर मात्र जागाच जागा. मुलीकडे राजा, हत्ती, तीन प्यादी. काकांकडे राजा, हत्ती, दोन. काका गेला पाऊण तास तीस-तीस सेकंदांवर जगतायत. शर्ट पुढूनही ओला झालाय. पण हात आता थरथरत नाही. खेळी, खट्, लिहिणं, असा त्याला ताल सापडलाय.

काका अचानक खेळत नाहीत. आधी लिहितात. मग घड्याळ थांबवतात आणि हात वर करतात. अकरा सेकंद उरलेत.

"सर, तीच मांडणी तिसऱ्यांदा येतेय. बरोबरीचा दावा."

पंच येतात. काकांनी लिहिलेली खेळी बघतात. ती अजून पटावर केलेली नाही, हे बरोबर. आता ती बदलताही येणार नाही आणि दावा मागेही घेता येणार नाही. दावा म्हणजे बरोबरीचा प्रस्तावही असतो, म्हणून पंच मुलीकडे वळतात.

"तुला मान्य आहे?"

ती मान आडवी हलवते. एक प्यादं जास्त आहे तिच्याकडे.

मग दोन्ही कागद घेऊन पंच शेजारच्या रिकाम्या पटावर जातात आणि सगळ्या खेळ्या मांडत येतात. मुलीच्याच कागदावरून, कारण काकांचं अक्षर लागत नाही. दाटी त्या पटाकडे सरकते. काका खुर्चीतच, डोळे मिटून. मुलगी पाणी पिते. मांडणी एकेचाळीसला एकदा, सत्तेचाळीसला दुसऱ्यांदा. आणि पंच थांबतात. एकेचाळीसला सोंगट्या याच घरांत होत्या, पण तेव्हा पाळी काकांची होती. आता काकांनी लिहिलेली खेळी झाल्यावर पाळी मुलीची असेल. सोंगट्या तिथेच, पाळी दुसऱ्याची, म्हणजे जागा वेगळी. दावा चूक.

मुलीला दोन मिनिटं वाढवून मिळतात. काकांना लिहिलेली खेळी करावीच लागते. अकरा सेकंदांत ते ती करतात.

पुढे फार काही होत नाही, पण ते व्हायला पंचवीस मिनिटं लागतात. ती प्यादं ढकलते, काका मारतात. ती मारते, काका मारतात. शेवटी पटावर दोन राजे आणि दोन हत्ती. तिचे पाय हलायचे थांबलेत. ती हत्ती एक घर सरकवते, पहिल्यांदाच काकांच्या तोंडाकडे बघते, म्हणते, "ड्रॉ?" आणि मग घड्याळ दाबते. क्रमही बरोबर. आधी खेळी, मग प्रस्ताव, मग घड्याळ. काका ओला हात पँटला पुसतात आणि पुढे करतात.

सह्या होतात. कागदाची वरची प्रत पंचांकडे, खालची आपल्याकडे. दाराशी तिचे बाबा उभे आहेत. ते काही विचारायच्या आत ती म्हणते, "चार मिनिटं." म्हणजे उरलेली.

आता दोघं भिंतीकडच्या टेबलावर आहेत, जिथे झालेले डाव पुन्हा मांडून बघतात. इथे घड्याळ नाही. काकांनी चष्मा नाकावर घेतलाय.

"सदतिसाव्याला घोडा इथे आला असता तर?"

"मग मी उंट देणार होते, काका. हे बघा."

तिचे दोन्ही हात पटावर. काकांचेही. सोंगट्या उचलल्या जातात, परत ठेवल्या जातात, मारलेली प्यादी पुन्हा उभी राहतात, एक खेळी चार वेळा बदलते. बाजूनं तिसराच कुणी हात घालून हत्ती हलवतो. सगळे एकदम बोलतायत.

"शूऽऽ!" निळा टी-शर्ट मागून येतो. "बाहेर जा, बाहेर! अजून दोन पट चालू आहेत."